आर म्हणजे गुंठा नव्हे

भूसंपादनाची नोटीस गावात आली की मराठवाड्यात एक वाद हमखास पेटतो. नोटिशीत क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, माणसाच्या डोक्यात एकर-गुंठे, आणि मध्ये कुणीतरी मोबाइलवर भागाकार करत बसलेला. मग दोन तट पडतात. एक म्हणतो, हेक्टर ही कचेरीची भाषा, ती शेतकऱ्याला चकवायलाच आणली. आपलं एकर, गुंठा, फूट हेच खरं. दुसरा म्हणतो, दशमान पद्धत येऊन साठ वर्षं उलटली, आता तरी हे फूट-गुंठ्याचं लोढणं गळ्यातून काढा. जे माप हिशोबाला अवघड ते व्यवहारात कशाला ठेवायचं? दोघेही तावातावाने बोलतात. जमीन, पाणी आणि पैसा प्रत्यक्षात कुठून निसटतो, तेवढं मात्र दोघांच्या बोलण्यात येत नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. कायद्याचं माप मीटरच राहावं. त्यात मागे फिरण्याचं कारण नाही. पण फूट-गुंठ्यावर बंदी घातल्याने कुणाचं एक चौरस फूटही वाचणार नाही. नुकसान होतं ते एका मापातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटेवर. मुळात कोणत्या मापात मोजलं होतं ते कागदावर नसतं, रूपांतर दोन-तीनदा होतं, आणि दर वेळी आकडा कुणीतरी सोयीने तोडतो. मूळ माप लिहून ठेवा, रूपांतर एकदाच करा, आकडा शेवटी तोडा. वाद घालायचाच तर या तीन गोष्टींसाठी घालावा.

‘आपलं माप’ म्हणणाऱ्यांकडे आधी वळू. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. हे ३३ फूट आले कुठून? एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० साली जमीन मोजायला ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी काढली. अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. आपल्याकडची मोजणीची साखळी तिच्या निम्मी, ३३ फुटांची, आणि तिचे भाग सोळा, म्हणून ती आणे-साखळी. एकराचे गुंठे बरोबर चाळीस भरतात ते याच नात्यामुळे. म्हणजे गुंठा शब्द आपला, पण त्याच्या आतली लांबी इंग्रजी. खरोखर इथली म्हणावी अशी मापं वेगळी होती: वीत, हात, मूठ, काठी. शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठींची, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. विहिरीची खोली परसात, म्हणजे माणसाच्या उंचीत सांगायचे. रस्त्याचं अंतर कोसात. यातलं आज काय उरलं? ‘बारा कोसांवर भाषा बदलते’ एवढी म्हण. कोस गेला याचं कारण त्याला एक ठरलेला आकडा कधी नव्हता. कुठे तो दोन मैलांचा, कुठे त्याहून कमी, कुठे जास्त. फूट टिकला, कारण तो मीटरला बांधला गेला. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून ठरवलं की एक यार्ड म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर. त्यातून फूट बरोबर ०.३०४८ मीटर, इंच बरोबर २.५४ सेंटिमीटर, मैल बरोबर १६०९.३४४ मीटर. ‘अंदाजे’ नव्हे, बरोबर. आज फुटाची व्याख्याच मीटरमध्ये आहे. मग फूट विरुद्ध मीटर ही लढाई नक्की कुणाची कुणाशी?

दुसऱ्या तटाचं म्हणणं यापेक्षा वजनदार आहे, आणि ते पूर्ण मान्य करूनच पुढे गेलं पाहिजे. दशमान पद्धतीत हिशोब सरळ पडतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी; शाळकरी पोरही तोंडी सांगेल. एक एकरावर एक इंच म्हणजे किती? एक लाख दोन हजार सातशे नव्वद लिटर. हे तोंडी कुणी सांगत नाही. १९५६ सालच्या कायद्याने देशाने मीटर-किलो स्वीकारले, १९५७ला नाण्यांच्या वेगळ्या कायद्याने नवा पैसा आला आणि १९५८पासून वजनं-मापं बदलू लागली. २००९चा वैध मापनशास्त्र कायदा तर प्रमाण एककाबाहेर भाव सांगायलाही मनाई करतो. आजचं मोजणीचं रोव्हर यंत्र उपग्रहावरून मीटरमध्येच बिंदू देतं. आणि दोन पद्धती शेजारी नांदल्या की सांध्यावर खर्च होतो, हे मराठवाड्याइतकं कुणी भोगलेलं नाही. १९०० सालच्या सुमारास निजाम सरकारच्या हमीवर मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडकडे रेल्वे आली ती एक मीटर रुंदीची. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात, १८७०च्या आसपास, हिंदुस्थानात मीटर पद्धत आणायचं घाटत होतं, म्हणून रुळांतलं अंतर चक्क एक मीटर ठेवलं गेलं. माप यायचं राहून गेलं, रूळ मात्र आले. तिकडे मुंबईकडची मोठी लाइन साडेपाच फुटांची, म्हणजे १६७६ मिलिमीटरची. परिणाम असा की मनमाडला माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरायचा. १९९०च्या दशकात मनमाड ते औरंगाबाद, जालना, परभणी हा मार्ग रुंद होईपर्यंत हे चाललं. तेव्हा ‘एकच माप हवं’ म्हणणाऱ्यांचं दुखणं खोटं नाही.

मग बंदीला विरोध का? एक तर सरकार स्वतःच ती पाळत नाही आणि पाळू शकत नाही. वाळूचा दर ब्रासवर लागतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. धरणाचं पाणी टीएमसीत सांगतात. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफूट. शहरांच्या कडेला पसरलेल्या वस्त्या नियमित करायला २००१ साली विधिमंडळाने कायदा केला, त्याचं नावच गुंठेवारी. ज्या मापाला मनाई, त्याच्या नावाने कायदा! याला ढोंग म्हणायचं कारण नाही. माप लोकांच्या तोंडात असतं आणि कायद्याला लोकांशी बोलावंच लागतं. दुसरं, मिश्र मापांनी आपोआप गोंधळ होतो हेच खरं नाही. ‘एकरी दहा क्विंटल सोयाबीन’ हे वाक्य बाजार समितीत रोज बोललं जातं. एकर इंग्रजी, क्विंटल दशमान. कुणाची गल्लत होते का? होत नाही, कारण दोन्ही आकड्यांना आपापलं नाव जोडलेलं आहे.

बंदीवाल्यांचे आवडते दाखले दोन. २३ जुलै १९८३ला कॅनडातल्या एका प्रवासी विमानाचं इंधन हवेतच संपलं आणि वैमानिकांनी ते तरंगत आणून गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. १९९९मध्ये मंगळाकडे पाठवलेलं अमेरिकेचं यान हरवलं, कारण एका गटाने जोर पौंडात दिला आणि दुसऱ्याने तो न्यूटनमध्ये वाचला. पण हे दाखले नीट वाचावेत. विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. टाकीतल्या लिटरचं वजन काढताना १.७७ हा गुणक वापरला गेला. तो लिटरला पौंड असा होता, किलोसाठी तो ०.८च्या जवळ असतो. हिशोब करणाऱ्यांनी गुणाकार चोख केला, फक्त गुणकाशेजारी एकक लिहिलेलं नव्हतं. निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं. आणि ते उडालं तेव्हा कॅनडा मीटर-किलोकडे वळत होता. बदल चालू असताना आकडे नागडे फिरले की असं होतं. आपल्याकडचा जमिनीचा बदलही असाच अर्ध्यावर आहे.

आता तो अर्धवट बदल जवळून पाहू. ‘एक आर म्हणजे एक गुंठा’ हे आज गावोगाव पाठ झालेलं वाक्य आहे. वर्तमानपत्रांत येतं, भाषणांत येतं. तुकडेबंदीच्या २०२३च्या अधिसूचनेत जिरायतीला २० आर, बागायतीला १० आर अशी मर्यादा होती. लोकांच्या तोंडी ती वीस गुंठे, दहा गुंठे झाली. आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि शंभर आरांचा एक हेक्टर. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. फरक सव्वा टक्क्याच्या आतला, म्हणून तो कुणी मोजत नाही. पण तीन एकराचा सौदा एकरी भावाने ठरला आणि खरेदीखतात क्षेत्र १ हेक्टर २० आर पडलं, तर काय झालं? तीन एकर म्हणजे १ हेक्टर २१ आर ४१ चौरस मीटर. घेणाऱ्याने पैसे तीन एकराचे मोजले आणि कागदावर १४१ चौरस मीटर, म्हणजे १५०० चौरस फुटांहून जास्त जमीन कमी आली. शहरालगत तीस बाय चाळीसचा प्लॉट १२०० चौरस फुटांचा असतो. एक अख्खा प्लॉट आणि वर काही, ‘थोडाच तर फरक’ म्हणून. समृद्धी महामार्गाची रुंदी १२० मीटर; जिथे तो वावरातून शंभर मीटर लांब गेला तिथे १ हेक्टर २० आर गेले. आरला गुंठा धरणारा म्हणेल तीन एकर गेले. खरे गेले २ एकर ३८.६ गुंठे. दहा एकरातून उरलं किती हे तो सात एकर सांगेल, असेल सात एकर आणि जवळजवळ दीड गुंठा. पुढच्या वाटणीत हा दीड गुंठा कुणाच्या धुऱ्यात जाईल?

दशांश चिन्ह हा याहून मोठा सापळा आहे. मराठवाड्यात जमिनीचा जुना आधार म्हणजे १९५४-५५चं खासरा पत्र, आणि त्यात क्षेत्र एकर-गुंठ्यांत. ‘४.२०’ असं लिहिलेलं असेल तर ते चार एकर वीस गुंठे, म्हणजे साडेचार एकर. कॅल्क्युलेटरवर ४.२० गुणिले ०.४०४७ केलं की १.७० हेक्टर येतं. चूक! साडेचार एकराचे १.८२ हेक्टर होतात. बारा गुंठे एका टिंबाने खाल्ले. बरोबर वाट अशी: आधी सगळे गुंठे करा, ४ गुणिले ४० अधिक २०, म्हणजे १८०. आणे असतील तर सोळाने भागून जोडा. आठ आणे असतील तर १८०.५. आपल्या १८० गुंठ्यांना १०१.१७१४ने गुणा, म्हणजे चौरस मीटर मिळतात: १८,२१०.८५. आता उजवीकडून दोन-दोन अंक तोडत या: १ हेक्टर ८२ आर ११ चौरस मीटर. उलट जायचं तर हेक्टर-आरचे आधी चौरस मीटर करा, १०१.१७१४ने भागा, आलेल्या गुंठ्यांना चाळीसने भागून एकर काढा. मधल्या कुठल्याही पायरीवर आकडा तोडायचा नाही. सातबारावरही तोच सापळा उलट बाजूने बसतो. एक हेक्टर पाच आर हे १.०५ असं लिहायचं असतं; घाईत ते १.५ लिहिलं गेलं की वाचणाऱ्याला एक हेक्टर पन्नास आर दिसतात. फरक ४५ आर, म्हणजे एक एकर आणि जवळजवळ साडेचार गुंठे. शिवाय शेतीच्या सातबारावर एकक हेक्टर-आर-चौरस मीटर, तर बिनशेतीच्या नव्या नमुन्यात आर-चौरस मीटर. त्यामुळे ५.२० हा आकडा एका उताऱ्यावर पाच हेक्टर वीस आर आणि दुसऱ्यावर पाच आर वीस चौरस मीटर. उताऱ्याच्या वर एकक छापलेलं असतं. पण बोलताना, फोनवर कळवताना, इसारपावतीवर लिहिताना ते गळून पडतं.

वाटणीत हे सगळं एकत्र येतं. बापाचं चार एकर रान म्हणजे १ हेक्टर ६१ आर ८७ चौरस मीटर. कधीतरी ते १.६२ झालं; तेरा चौरस मीटर वाढले, चला, ते सोडू. आता चार भावांत वाटणी: प्रत्येकी ०.४०५. दोनच दशांश ठेवायची सवय, म्हणून ०.४०. चौघांचे मिळून १.६०. दोन आर गेले कुठे? २०० चौरस मीटर, म्हणजे दोन हजार दीडशेच्या वर चौरस फूट. जमीन जागेवरच आहे, कागदावर ती कुणाचीच नाही. मग पंधरा वर्षांनी नातवंडं हद्द कायम मोजणीचा अर्ज करतात, मोजणीचं क्षेत्र आणि उताऱ्यांची बेरीज जुळत नाही, आणि ‘मोजणीदाराने घोळ केला’ असा बोभाटा होतो. इथे दोष फुटाचा की मीटरचा? दोघांचाही नाही. सातबाऱ्याला चौरस मीटरचा रकाना आहे. त्यात प्रत्येकाचे ०.४०.४७ लिहिले असते तर वादाला जागाच नव्हती.

‘एवढ्या बारीक फरकाने काय होतं?’ हा प्रश्न दोन्ही तटांकडून येतो. लांबीत कदाचित काही होत नाही. पण लांबीची चूक क्षेत्रफळात दुप्पट होते आणि घनफळात तिप्पट. शेततळ्याचंच घ्या. तीस बाय तीस मीटर, खोली तीन मीटर, बाजूंचा उतार एकास एक. तळ २४ बाय २४चा येतो आणि पाणी मावतं २१ लाख ९६ हजार लिटर. खोदणारा म्हणतो, ‘शंभर बाय शंभर, दहा फूट खोल, तेच की.’ तेच नव्हे. त्या मापात २३ लाख ३ हजार लिटर मावतात. बाजूत फरक केवळ १.६ टक्के, पाण्यात पावणेपाचच्या वर. खोदाईचा हिशोब घनमीटरवर असेल तर तेवढी माती जास्त निघाली, आणि अस्तराचा प्लास्टिक कागद तीस मीटरच्या हिशोबाने कापून आणला असेल तर तो काठावर पुरत नाही. कपाशी चार फूट बाय दीड फुटावर लावली तर एकरी ७२६० झाडं बसतात; ठिबकच्या आराखड्यात तेच अंतर १.२ मीटर बाय ०.४५ मीटर लिहिलं की ७४९४. बियाणं कशाच्या हिशोबाने घ्यायचं? लॅटरल नळी चार फुटांवर एकरी ३३१९ मीटर लागते, १.२ मीटरवर ३३७२. कागदावर मापं ‘तीच’ आहेत, नळी मात्र ५३ मीटर जास्त. मोसंबी वीस बाय वीस फुटांवर एकरी १०८ झाडं, सहा बाय सहा मीटरवर ११२.

टेपचं तर विचारूच नका. बाजारात तीस मीटरचा टेप ‘शंभरफुटी’ म्हणून चालतो. तीस मीटर म्हणजे ९८.४३ फूट. पाच टेप लांबीचा बांध पाचशे फूट धरला तर जवळजवळ आठ फूट हवेत मोजले. त्यात टेप उतारावर जमिनीला टेकवून धरला तर आणखी भर: दहास एक उतारावर शंभर मीटर टेपचे आडवे साडेनव्याण्णवच भरतात, आणि जमिनीचं क्षेत्र आडव्या लांबीवरच धरतात. टेप ताणून, पातळीत धरून, एकाच बाजूचे आकडे वाचून मोजावं. एका टोकाला इंचाची बाजू आणि दुसऱ्याला सेंटिमीटरची बाजू वाचली गेली की पुढचं सगळं वाया.

जुन्या नकाशांबाबतही हेच. नकाशाच्या कोपऱ्यात ‘एक इंच म्हणजे वीस साखळ्या’ असं असेल तर आपल्या ३३ फुटी साखळीने ते ६६० फूट, म्हणजे प्रमाण एकास ७९२०. त्याची छायाप्रत घेऊन एकास ८००० समजून पट्टी लावली की लांबीत एक टक्का, क्षेत्रात दोन टक्के फुगवटा. शिवाय झेरॉक्सने कागद ताणला-आकसला असेल तो वेगळाच.

बोअरमध्ये गणित उलट दिशेने फिरतं. बोअर फुटांत पडतो आणि पैसे फुटावर द्यावे लागतात. मोटारीच्या पाटीवर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, मीटरमध्ये. पाइप तीन मीटरचा, पण त्याला सगळे दहा फुटी म्हणतात. चाळीस पाइप सोडले की मोटार चारशे फुटांवर गेली असं धरतात. चाळीस पाइप म्हणजे १२० मीटर, ३९४ फूट. एप्रिल-मेमध्ये पाणी ३९६ फुटांवर गेलं की मोटार कोरडी चालून जळते, आणि दोष मोटारीला लागतो. हेड बघतानाही तसंच. पाण्याची पातळी, वर हौदाची उंची आणि पाइपातलं घर्षण मिळून ४५० फूट लागत असेल तर ते १३७ मीटर. पाटीवरच्या हेडचा जो सर्वांत मोठा आकडा, तिथे पाणी जवळपास शून्य मिळतं. गरजेचं हेड पाटीवरच्या पट्ट्याच्या मधोमध पडलं पाहिजे.

पाण्याच्या राजकारणात तर एकेक इंच महत्त्वाचा आहे. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट. मीटरमध्ये ४६३.९०६. सोयीसाठी कुणी ४६४ लिहिलं तर फरक साडेनऊ सेंटिमीटरचाही नाही. पण भरलेला नाथसागर सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. साडेनऊ सेंटिमीटरहून किंचित कमी जाडीचा तो थर म्हणजे जवळपास ३३ दशलक्ष घनमीटर पाणी, एक टीएमसीहून जास्त. एक इंचाचा थर म्हणजे सुमारे ८८९ कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर आठ लाख एकोणनव्वद हजार खेपा. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही, हे समन्यायी वाटपात साठ्याच्या टक्क्यांवर ठरतं, आणि टक्का निघतो पातळीवरून. ज्या भागात टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढले गेले, तिथे पातळी फुटांत सांगावी की मीटरमध्ये यावर वाद घालण्यापेक्षा ती तीन दशांशांपर्यंत, दोन्ही मापांत आणि मूळ वाचन कोणतं ते सांगून जाहीर करा, ही मागणी का होत नाही? मूळ वाचन दोनातलं एकच असतं. दुसरं त्याचं रूपांतर. इथे इंग्रजी मापाच्या बाजूचीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे: आपल्या घरात ते माप नेटकं आहे. एक लाख क्युसेक चोवीस तास सुटले की ८.६४ टीएमसी, काहीही रूपांतर न करता. घोटाळा होतो तो क्युसेकला मीटरच्या तक्त्यात बसवताना.

पावसाचा निकष या सगळ्यात सर्वांत बोचरा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी. पारावर लोक म्हणतात, ‘अडीच इंच पडला, अतिवृष्टी लागलीच.’ अडीच इंच म्हणजे ६३.५ मिलिमीटर. दीड मिलिमीटरने गाव निकषाच्या बाहेर. पीक पाण्यात, आणि माणूस सांगत राहतो की आमच्याकडे अडीच इंच पडला होता. त्याला कुणी फसवलेलं नसतं. त्याचं माप आणि शासनाचं माप यांच्यामध्ये उभं राहून कुणी त्याला सांगितलेलं नसतं की निकष २.५६ इंचांचा आहे.

आणि हे सांगणं मराठवाड्याला नवं नाही. १९४८पर्यंत, आणि त्यानंतरही काही वर्षं, इथे दोन नाणी चालत: निजामाचा हाली शिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार. कालगणना दोन: फसली आणि इसवी, फरक ५९० वर्षांचा, १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. संस्थानाच्या हद्दीबाहेर बाजार केला की नाणं बदलायचं. त्या काळचा कागद उघडा. रकमेसोबत हाली की कलदार ते असतं, सनासोबत फसली असतं. लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की ‘शंभर रुपये’ एवढंच लिहिलं तर उद्या सहाव्या हिश्श्यावरून कोर्ट गाठावं लागेल. त्या पिढीने दोनातलं एक नाणं चुकीचं ठरवण्यात वेळ घालवला नाही. कोणतं नाणं ते लिहिलं. हाली शिक्का यथावकाश गेला, व्यवहार बुडाले नाहीत. फूट-गुंठाही एक दिवस असाच जाईल, तोवर आपण रकमेपुढे हाली लिहिण्याइतकीही शिस्त का पाळू नये?

सगळीकडे एवढं काटेकोर राहायला हवं असंही नाही. नांदेडहून हैदराबाद किती मैल, हे सांगताना आठ किलोमीटरला पाच मैल धरले तर चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. प्रवासाला ती पुरते. घरात भिंतीला खिळा ठोकताना दहा फुटांचे ३.०४८ मीटर करणं उलट खोटी अचूकता आहे; जे अंदाजे मोजलं ते अंदाजेच सांगावं. अमेरिकेत तर मोजणीचा एक वेगळाच फूट २०२२अखेरपर्यंत चालू होता, नेहमीच्या फुटापेक्षा दहा लाखांत दोन भागांनी मोठा. शेताच्या बांधावर त्याने केसभरही फरक पडत नाही. कुठे तोडलं तर चालतं आणि कुठे नाही, हे त्या आकड्याने पुढे काय व्हायचंय त्यावर ठरतं. पुढे गुणाकार व्हायचा असेल, वाटणी व्हायची असेल, निकषाला लावायचा असेल, तिथे तोडू नये.

म्हणून मागणी करायचीच तर ती अशी करावी. भूसंपादनाच्या प्रत्येक नोटिशीत हेक्टर-आर-चौरस मीटरच्या खाली एकर-गुंठे-आणे छापावेत, आणि त्याखाली एक ओळ: १ गुंठा = १०१.१७१४ चौ.मी. मोजणीच्या ‘क’ प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर हाती मिळणाऱ्या नकाशावर, मूळ मोजणी कोणत्या मापात झाली ते असावं. खरेदीखत लिहिणाऱ्याने एकरी भाव लिहिला असेल तर क्षेत्रही एकरात लिहून मग कंसात हेक्टर द्यावं, म्हणजे भाव आणि क्षेत्र एका भाषेत बोलतील. मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा चावडीवर लावताना मिलिमीटरसोबत इंच द्यावेत, आणि निकषाची रेषाही दोन्हीत. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. दोन रकाने वाढवून छापले की झालं. तोवर ज्याची वाटणी या हंगामात व्हायची आहे त्याने तलाठ्यासमोर बसण्याआधी खासरा पत्राची नक्कल काढावी, गुंठे मोजावेत, १०१.१७१४ने गुणावं, आणि चारही वाट्यांची बेरीज मूळ आकड्याशी चौरस मीटरपर्यंत जुळल्याशिवाय सही करू नये.